केसपेपरावर मारलेली रेघ

मामा, आज सकाळी दवाखान्यात पाऊल टाकलं आणि साखर कारखान्याकडनं मळीचा तो भपकारा आला. मी पर्स टेबलावर आपटली आणि सवयीनं ओरडले, "अहो, ती खिडकी लावा की आधी!" बाकावर तिघं बसले होते, ते दचकले. त्यातल्या एका बिचाऱ्यानं उठून खिडकी लावली. मी त्याचे आभार मानले, आत गेले आणि पाच मिनिटं नुसती खुर्चीत बसून राहिले. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावरच ओरडते आहे.

ठीक आहे. ओरडायचंच आहे तर नीट समोर बसवून ओरडते. ते तुमचं स्टूल ओढा आणि बसा. मध्ये बोलू नका. बावीस वर्षं मध्ये बोललात, आता जरा ऐका.

तुम्ही गेलात त्या दिवशी निम्म्या कसबा बावड्यानं फोनवर तुमचा फोटो लावला. खाली लिहिलेलं, 'शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व.' रडता रडता हसू आलं मला. दत्तूमामा कंपाउंडर आणि मितभाषी? ज्यानं ते लिहिलं त्यानं तुमच्या हातनं कधी औषधाची पुडी घेतली नसणार. पुडी बांधून होईपर्यंत तुम्ही त्याच्या आज्ज्यापासनं म्हशीपर्यंत सगळ्यांची चौकशी करून मोकळे व्हायचात. बाहेर रांग ताटकळायची आणि आतून मी घंटी बडवत बसायची.

मला तुम्हाला एक वाक्य सांगायचं राहिलंय. कोरोनाच्या पहिल्या पावसाळ्यापासून राहिलंय. तुम्ही रोज समोर होता, रोज दोन वेळा आपण एकत्र चहा घेत होतो, आणि मी ते सांगितलं नाही. तुमच्या थोरल्या भावाबद्दलचं आहे, एवढं म्हटलं की तुम्हाला कळेल. तिथवर मी येणार आहे, पण माझ्या चालीनं येऊ द्या.

मी मुरगूडची. लग्न होऊन बावड्यात आले आणि जुन्या डॉक्टरांनी निवृत्त होताना हा दवाखाना माझ्या हवाली केला. टेबल, खुर्ची, वजनकाटा आणि तुम्ही. पहिल्याच दिवशी तुम्ही मला खालपासून वरपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "बाई, आवाज बारीक हाय तुमचा. हितं चालायचा न्हाय." बावीस वर्षांत आवाज कुठं गेला ते तुम्हाला माहीत आहे.

आपलं पहिलं भांडण केसपेपरावरनं झालं, आणि आजचं हे शेवटचंही त्याच्यावरनंच. नाव, वय, गाव, तक्रार. हे चार रकाने पेशंट आत यायच्या आधी तुम्ही बाहेर बसून भरायचात. पहिल्या तीन रकान्यांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. चौथा मात्र तुम्ही असा भरायचात की मी कपाळाला हात लावायची. 'डोस्क्यात गिरण चालू हाय.' 'पोटात मांजार फिरल्यागत हुतंय.' 'काय न्हाय, बायकोनं पाठवलंय.' अक्षर मात्र मोत्यासारखं, एक काना इकडचा तिकडं नाही.

"मामा, तक्रार लिहा. ताप, खोकला, जुलाब. एका शब्दात."

"त्यो एका शब्दात बोलला न्हाय की."

"मग तुम्ही करा ना एका शब्दात!"

"म्या कशाला करू? दुखणं त्येचं हाय."

मी लाल पेन घ्यायची, तुमच्या ओळीवर सरळ रेघ मारायची आणि खाली माझा एक शब्द लिहायची. डोकेदुखी. पित्त. तुम्ही दारातनं बघायचात आणि मान हलवायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सतरा वर्षं तुम्ही लिहीत होता आणि मी रेघा मारत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचाच हट्टी आहे.

मग कोरोना आला. वरनं छापील फॉर्म आले. ताप आहे का, खोकला आहे का, धाप लागते का, परगावाहून आलात का. पुढं चौकोन, त्यात टिक करायची. मला तर हायसं वाटलं. म्हटलं, चला, आता मामांची कादंबरी बंद. दारात टेबल टाकलं, मध्ये प्लास्टिकचा पडदा लावला, तुम्हाला तो पांढरा पोशाख चढवला. तुम्ही आरशात बघून म्हणालात, "रंग द्यायला आल्यागत दिसतोय."

पहिल्या आठवड्यात एकाही फॉर्मवर ताप नव्हता! सगळ्या बावड्याला काही म्हणता काही होत नव्हतं. ज्याच्या घरात सापडला त्याच्या गल्लीत बांबू बांधत होते, माणसं उचलून नेत होते, त्यामुळं लोक घरातनंच गोळी खाऊन येत होते आणि कपाळ पुढं करत होते. "बघा, थंडगार हाय." मी टिक न केलेले फॉर्म गठ्ठ्यानं ठेवत होते आणि मला खरंच वाटायला लागलं होतं की आपल्याकडं नाही आलेला.

तुम्ही तिसऱ्याच दिवशी फॉर्म बाजूला सारलात. "बाई, तापाचं इचारून उपेग न्हाय. त्याला समदी भ्यात्यात. जेवणाचं इचारायचं. जेवणाचं कोण खोटं बोलत न्हाय." आणि पडद्याआडनं सुरू झालात. काल काय खाल्लंस? लागलं का? तिखट लागलं का? एकानं सांगितलं, बायकोला अचानक सैपाक येईनासा झालाय, रस्सा नुसतं पाणी. त्यावरनं दोघांची जुंपली. तिनं चाखून बघितला तर तिलाही पाणीच लागलं. मग दोघांनी मिळून मटणवाल्याला शिव्या घातल्या. तुम्ही सगळं जसंच्या तसं चौथ्या रकान्यात लिहून आत पाठवलंत. मी लाल पेन उघडलं. रेघ मारली, खाली लिहिलं, 'विशेष काही नाही.'

नंतर दोघंही पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांचा मटणवालाही. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

आता ऑगस्टातला तो दिवस.

बाहेर चाळीसेक माणसं, प्लास्टिकच्या पोशाखात मी घामानं निथळलेली, नाकावर मास्कचा वळ उठलेला. तुम्ही गावाहून, गडमुडशिंगीहून, फटफटीवर मागं थोरल्या भावाला बसवून आणलंत. शंकरअण्णा. वय सत्तरीच्या पुढं. एरवी अण्णा घरात बोलले की पलीकडच्या विमानतळावर ऐकू जायचं. मला 'ए डॉक्टरीण' म्हणून हाक मारणारा जिल्ह्यातला एकमेव माणूस. तुम्ही केसपेपर तुमच्या हातानं आत आणलात. एरवी खिडकीतनं सरकवायचात, त्या दिवशी आत आलात, तेही माझ्या लक्षात आहे.

तक्रारीत लिहिलं होतं, 'काय न्हाय म्हणतो. दोन दिस वरडला न्हाय. म्हस सुटून गेली तरी गप बसून हुता.'

मी ताप बघितला. नव्हता. खोकला नव्हता. प्लास्टिकवरनं छातीला नळी लावली, जे ऐकू आलं ते ऐकलं. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर तेव्हा कुठं मिळत नव्हतं, आपलं यायचं होतं.

"मामा, माणूस ओरडला नाही ही काय तक्रार झाली?"

"अण्णा वरडत न्हाय म्हंजे आत कायतरी बिघडलंय, बाई. मला ठावं हाय की."

"वय झालंय त्यांचं. हवा पावसाळी आहे. अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. बाहेर चाळीस माणसं उभी आहेत, मामा."

लाल पेन. रेघ. खाली, 'अशक्तपणा.' ताकदीच्या गोळ्या दिल्या. अण्णा उठले, हात जोडले आणि बारीक आवाजात म्हणाले, "येतो, बाई." 'ए डॉक्टरीण' नाही. बाई! मला तेही खटकलं होतं, मामा. खटकलं होतं आणि मी पुढचा नंबर बोलावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठेनात. गाडी मिळेपर्यंत, दवाखान्यात खाट मिळेपर्यंत दुपार झाली. दुसऱ्या दिवशी ते गेले. तुम्हाला तोंड बघायला मिळालं नाही. खांदा नाही, रक्षाविसर्जन नाही, काही नाही. तुम्हाला घरात चौदा दिवस कोंडून घातलं. ते चौदा दिवस चौथा रकाना मी भरत होते आणि मला तो भरता येत नव्हता. लोक पडद्यापलीकडनं मला काही सांगतच नव्हते. सगळे म्हणत होते, "जरा कणकण हाय."

तुम्ही परत याल त्या दिवसासाठी मी वाक्य तयार ठेवलं होतं. अगदी साधं. 'मामा, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं.' अण्णांचा केसपेपर कपाटातनं काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता, तो तुमच्यासमोर ठेवून सांगायचं ठरवलं होतं. तुम्ही आलात. डोक्याचं मुंडण केलेलं, दाढीची खुंटं आलेली. हात धुतलेत, पिशवी खिळ्याला अडकवलीत आणि विचारलंत, "किती झालं नंबर?"

मी म्हणाले, "सतरा."

बस्स. एवढंच. तुम्ही बाहेर जाऊन बसलात आणि मी अठरावा बोलावला.

मी काही रोज झुरत होते असं तुम्हाला सांगणार नाही, ते खोटं होईल. काम एवढं होतं की झुरायला सवड नव्हती. पण त्या दिवसापासनं तुमच्या अक्षरावर माझं लाल पेन उठलं नाही. आधी चौथा रकाना वाचायची, मग पेशंटकडं बघायची. छापील फॉर्म भरायचा तो भरलाच, सरकारला लागत होता. पण माणूस कसा आहे ते मला तुमच्या ओळीतनं कळायचं.

आणि तुम्ही तर सुटलातच! ऑक्सिमीटर आल्यावर बोटाला ते लावून पेशंटला पाण्याच्या टाकीपर्यंत चालवून आणायची पद्धत तुम्ही काढलीत. बसल्या जागी आकडा चांगला दाखवणारा माणूस टाकीवरनं परत येईपर्यंत खाली घसरलेला असायचा. शिवाय तुमची ती दुसरी चाचणी. "पावणं, एका दमात तीनदा म्हणा, जोतिबाच्या नावानं चांगभलं!" जो तीनदा ठणकावून म्हणायचा तो घरी. जो दुसऱ्या चांगभल्याला थांबून श्वास घ्यायचा तो आत, खुर्चीवर. अख्खी गल्ली दणाणायची. समोरच्या दुकानदाराला वाटायचं इथं पालखी निघालीय.

मी म्हणाले, "मामा, हे पुस्तकात नाही."

"पुस्तकात बावडा बी न्हाय," तुम्ही म्हणालात.

तो एक प्रोफेसर आठवतो? टाय लावून आले होते, हसत होते, दहा मिनिटं मला साथीबद्दलच समजावत होते. मला ठणठणीत वाटले. तुम्ही दारातनं फक्त खूण केलीत, तीन बोटं वर. म्हणजे तीन शब्दांवर थांबतोय. मी नीट ऐकलं. खरंच, दर तीन शब्दांनी ते श्वास घेत होते आणि मध्ये हसत होते म्हणून कळत नव्हतं. बोटाला ऑक्सिमीटर लावलं आणि आकडा बघून थेट खाटेसाठी फोन लावला. तासाभरात त्यांना ऑक्सिजन लागला. बरे होऊन आले तेव्हा पेढे मला देऊन गेले. मी अर्धा बॉक्स तुमच्याकडं सरकवला. अख्खा द्यायला हवा होता.

आणि बायका. बायका शेवटी यायच्या. नवरा, सासू, पोरं सगळ्यांचं करून झाल्यावर, पाचव्या नाहीतर सहाव्या दिवशी, तेही पडल्या तर. तुम्ही कुणी पुरुष आला की पहिला प्रश्न विचारायचात, "घरात सैपाक कोण करतंय? तिला घिऊन या." ती यायची आणि म्हणायची, "मला काय धाड भरलीया?" तुम्ही तिला टाकीपर्यंत चालवायचात. त्यातल्या कितीतरी जणी वेळेत पोचल्या त्या तुमच्यामुळं. त्यांच्या केसपेपरावर सही माझी आहे.

भांडायचं आपण सोडलं नव्हतं, बरं का! वाफेवरनं किती भांडलो. तुम्ही येईल त्याला तासभर वाफ घ्यायला सांगायचात आणि मी सांगायची की अहो, तोंड भाजून घेतील लोक. त्यात माझं बरोबर होतं. तुमच्या तंबाखूवरनं तर बोलायलाच नको. तुम्ही मेला आहात म्हणून मी ते मागं घेणार नाही.

मग दुसऱ्या वर्षीचा मार्च. गळीत हंगाम संपत आला होता, मळीचा वास गच्च भरून राहिलेला. मी सकाळी आले, पर्स ठेवली, खुर्चीत बसले, पहिला पेशंट बोलावला. दुसरा बोलावला. तिसऱ्याच्या ऐवजी तुम्ही आत आलात आणि दार लावून घेतलंत.

"बाई, खिडकी उघडी हाय."

"मग?"

"म्या मुद्दाम उघडी ठेवलीया. मघापास्नं वाट बघतोय. तुमी वरडला न्हाईसा."

मी उठून खिडकीशी गेले. नाक बाहेर काढून श्वास ओढला. काही नाही. कारखान्याचा धूर समोर दिसत होता आणि वास नावालाही नव्हता. मी टेबलावरचं स्पिरिट उघडून हुंगलं. पाणी. घरात सासरे पंच्याऐंशीचे, संध्याकाळी मी त्यांच्याच खोलीत जाऊन बसायची.

"चला," तुम्ही म्हणालात, "दवाखाना बंद. म्या पाटी लावलीया." पाटी आधीच लावली होती! मला ताप नव्हता, खोकला नव्हता, अंग दुखत नव्हतं. माझ्या त्या लाडक्या फॉर्मवर माझी एकही टिक झाली नसती. मी घरी गेलेच नाही, दवाखान्याच्या वरच्या खोलीत राहिले. चौथ्या दिवशी दम लागायला लागला, पण तोवर खाटेची, ऑक्सिजनची सगळी तयारी झालेली होती. सासरे वाचले. मी वाचले. बाकावरचे पेशंट वाचले. खिडकी उघडी ठेवून माझ्या ओरडण्याची वाट बघत बसलेला माणूस होता म्हणून वाचलो.

तेव्हा तरी ते वाक्य बोलायचं ना? नाही बोलले. बरी होऊन आले, वास परतायला दोन महिने गेले. पुढच्या हंगामात मळीचा पहिला भपकारा आला तेव्हा मी घसा ताणून ओरडले, "खिडकी लावा!" आणि तुम्ही बाहेरनं म्हणालात, "चांगभलं!" बाकावरचे सगळे हसले. मला वाटलं, झालं, सगळं बोलून झालं. झालं नव्हतं.

आता तुमच्यावरचा माझा राग ऐका. तुमच्या छातीत दोन दिवस जळजळत होतं. मामींनी नंतर सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात की ठेचा जरा जास्त झाला. दोन दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून लोकांची दुखणी लिहीत होता! तिसऱ्या दिवशी सकाळी धार काढून उठताना पडलात. दुसऱ्याचा शब्द न् शब्द टिपणारा माणूस, स्वतःचा केसपेपर काढला नाहीत. चार पावलांवर मी बसले होते, मामा. एकदा खिडकीतनं सरकवायचा होता. नाव दत्तात्रय, गाव मुडशिंगी, 'उरात जळजळ हाय, ठेच्यावर ढकलतोय.' मी तुम्हाला उचलून नेलं असतं. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही, निदान अजून बरेच दिवस नाही.

तुमच्या रक्षाविसर्जनाला माणूस मावत नव्हता. अण्णांच्या वेळी चार पोशाखवाले होते, तुमच्या वेळी रस्ता बंद झाला. बरं वाटलं. पाचव्या दिवशी मी दवाखाना उघडला. आता केसपेपर मीच लिहिते.

सध्या फ्लूची साथ आहे. बाक भरलेलं असतं, सगळे शिंकतायत. पहिल्याच दिवशी भोसलेगल्लीतली एक सून सासूला घेऊन आली. ती हौसाआजी, तुमच्याशी भांडून दोन नंबर पुढं घुसायची ती. आजी गप्प बसलेली, पदर ओढून.

"काय होतंय?"

"काय बी न्हाय, म्याडम," सून म्हणाली. "ताप न्हाय, खोकला न्हाय. जेवत्यात दोन घास."

"मग आणलंत कशाला?"

सून खाली बघायला लागली. मग म्हणाली, "परवापास्नं मला बोलल्या न्हाईत. म्हंजे, नावं ठेवली न्हाईत. काल भाकरी करपली तरी गप बसल्या. म्हटलं कायतरी झालंय."

मी पेन उचललं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, 'परवापासून सुनेला नावं ठेवली न्हाईत. भाकरी करपली तरी गप.' अक्षर तुमच्याइतकं चांगलं आलं नाही. आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं. आकडा बघितला आणि बाकीचं काही न बघता गाडी बोलावली. न्यूमोनिया होता, दोन्हीकडं पसरलेला. ताप एकदाही आला नाही.

तुमच्या बाराव्याला मी मुडशिंगीला गेले. जेवणं झाल्यावर मामींच्या शेजारी जाऊन बसले आणि तुम्हाला सांगायचं ते त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, "मामी, अण्णांच्या वेळी मामांचं बरोबर होतं. मी चुकले. मी त्यांना कधी बोलले नाही."

मामींनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "त्येस्नी ठावं हुतं की."

"काय?"

"आपलं चुकलं ह्ये तुमाला ठावं हाय, ह्येच. म्हणायचं, बाईनं माझ्या अक्षरावर रेघ मारायची सोडलीया. आता ती तोंडानं बोलायची न्हाय, लई ताठ हाय. आन म्या बी इचारायचा न्हाय, म्या बी ताठ हाय."

मी तिथंच ढसाढसा रडले. मामी माझ्या पाठीवरनं हात फिरवत होत्या. नवरा त्यांचा गेला होता आणि समजूत त्या माझी घालत होत्या.

तुमचा मोठेपणा मला मान्य आहे, मामा. पण हा हिशेब मला मान्य नाही. रेघ मारायची सोडली म्हणजे चूक कबूल केली, असं होत नाही. चांगली हातभर जीभ दिलीय मला देवानं, बावीस वर्षं तुमच्यावर चालवली, ती या एका वाक्याला का अडली? तुम्ही पेशंटच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा लिहायचात. मग माझ्या तोंडचा शब्द तुम्ही न ऐकताच कसा धरून चाललात?

म्हणून आज पेशंट संपल्यावर ड्रॉवर उघडला. अण्णांचा केसपेपर काढला. कडेनं जरा पिवळा पडलाय. तुमची ओळ अजून स्वच्छ वाचता येते, माझ्या रेघेखालनंसुद्धा. 'दोन दिस वरडला न्हाय.' लाल पेन काढलं आणि माझ्या 'अशक्तपणा'वर रेघ मारली. मग उठले, सकाळी त्या माणसानं लावलेली खिडकी सताड उघडली आणि मुरगूडपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "मामा, तुमचं बरोबर होतं! माझं चुकलं!"

बाहेर बाकावर कुणीतरी हललं. मला वाटलं होतं सगळे गेले. हौसाआजी होती. काल घरी सोडलंय तिला, सून गोळ्या विचारायला घेऊन आली होती आणि सून फोनवर बोलायला बाहेर गेली म्हणून आजी तिच्या नावानं बोटं मोडत बसली होती. दारातनं डोकं आत घालून म्हणाली, "कुणावर वरडाय लागलीयास गं?"

"दत्तूमामांवर," मी म्हणाले.

"मग असू दे," आजी म्हणाली. "त्येला सवय हाय."